आम्ही केलेला प्रवास आणि आम्हाला मिळालेला वेळ

(विहाराच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला सांगितलं की, तुम्ही लोक १९९५ साली धम्मयात्रेला गेला होता, त्या आठवणी सांगा, आपण त्या स्मरणिकेत छापू. आम्ही म्हणजे त्या यात्रेला गेलेले वस्तीतले एकवीस जण. त्यातले नऊ जण आज हयात आहोत आणि सहा जण इथे समोर सतरंजीवर बसलेले आहेत. बोलायला एक जण उभा राहिला आहे, पण काय सांगायचं ते आम्ही गेल्या आठवड्यात एकत्र बसून ठरवलं. जिथे आठवणीत फरक पडला तिथे थोडं भांडलोसुद्धा. तेव्हा हे चार शब्द आम्हा सगळ्यांचे आहेत असं समजावं.

यात्रेकडे वळण्यापूर्वी थोडं मागे जावं लागेल. कारण आमच्या घराण्यांतला तो काही पहिला प्रवास नव्हता. आमच्या आज्या-पणज्यांनीही पुष्कळ प्रवास केला. पण तो कसला? गावात कोणी मेलं की मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचं. सरकारी टपाल आणि सारा तालुक्याला पोचवायचा. अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. रात्र असो, पाऊस असो, घरात लेकरू तापाने फणफणलेलं असो, हाक आली की निघायचं. त्याला महारकीचं वतन म्हणत. वतनदार स्वतः घरी नसला तर त्याच्या बापाला किंवा भावाला धरून नेत. म्हणजे चोवीस तासांतला एकही तास हक्काने आपला म्हणता येत नव्हता. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात या वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक मांडलं, ते याच गुलामगिरीविरुद्ध. ते विधेयक तेव्हा पास झालं नाही. ही वतनं कायद्याने रद्द झाली ती पुढे, १९५८ च्या कायद्यानं. आमच्यातल्या दोघा-तिघांनी आपल्या आज्याला सांगाव्यासाठी पळताना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ही फार जुनी गोष्ट नाही.

आणि स्वतःच्या कामासाठी प्रवासाला निघालं, तर काय व्हायचं? बाबासाहेब दहा-एक वर्षांचे असताना, १९०१ च्या सुमारास, भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. अंगावर नवे कपडे, जवळ पैसे, सगळं होतं. पण मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि एकही बैलगाडीवाला त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनी स्वतः हाकायची, गाडीवाला बाजूने चालणार, असं ठरलं. रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळालं नाही. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्या मुलांनी ती जरूर वाचावी. आज रिक्षाला हात केला की रिक्षा थांबते, याचं मोल त्याशिवाय कळणार नाही.

आपल्या माणसांनी आपल्या मनाने, आपल्या कामासाठी केलेले प्रवास त्यानंतरचे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला. पांढरे कपडे घालून, चटणी-भाकरीचं गाठोडं घेऊन, मिळेल त्या गाडीने आणि गाडी नसेल तिथे पायी, लाखो माणसं नागपूरला गेली. कोणी कामाचा खाडा केला, कोणी घरातलं भांडं मोडून तिकिटाचे पैसे उभे केले. आमच्या वस्तीतली एक बाई तेव्हा वीस वर्षांची होती आणि कडेवर तान्हं मूल घेऊन गेली होती. वस्तीतले सगळे लहानथोर तिला आत्या म्हणत. आज आम्हाला मुख्यतः तिच्याविषयी बोलायचं आहे.

आता यात्रेचं सांगतो. १९९२ च्या जानेवारीत आपल्या विहारात प्रवासाची भिशी सुरू झाली. दरमहा माणशी पन्नास रुपये. तीन वर्षांत प्रत्येकाचे अठराशे रुपये जमले. पैशांची अशी सोय झाली, पण खरी अडचण वेळेची होती. आमच्यात आठ जण कारखान्यांत आणि गिरणीत कामाला, पाच महापालिकेत, दोन रेल्वेच्या वर्कशॉपात, चार बायका घरकाम करणाऱ्या आणि दोघं निवृत्त. तेव्हाच्या कारखाने कायद्याप्रमाणे कामगाराची वर्षभरात २४० दिवस हजेरी भरली, की त्याला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. आम्हाला यात्रेसाठी पंधरा दिवस हवे होते. म्हणजे तीनशे दिवसांची हजेरी. हा हिशेब आमच्यातल्या एकाने विहाराच्या फळ्यावर खडूने लिहून दाखवला होता. पुष्कळ दिवस तो आम्ही पुसला नाही.

ही रजा तरी कोणी दिली? मालकांनी खुशीने दिली नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन भरपगारी सुट्टीची तरतूद आली आणि १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. बाबासाहेबांनी आम्हाला पाणी दिलं, शिक्षण दिलं, मत दिलं, असं आपण नेहमी म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्यांनी आम्हाला वेळही दिला. त्या खडूच्या हिशेबापर्यंत आमच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. सांगावा घेऊन पळणाऱ्या आज्याच्या नातवाच्या हातात पंधरा दिवस आले, आणि ते त्याचे स्वतःचे होते.

पण ज्या चार बायका धुणीभांडी करत होत्या, त्यांना हा कायदा लागू नव्हता. त्यांना ना हजेरी ना रजा. पंधरा दिवस गेलं तर पंधरा दिवसांचे पैसे जाणार, वर काम हातचं जाणार. त्यांच्या जागी वस्तीतल्या दुसऱ्या बायकांनी पंधरा दिवस ती घरं सांभाळली. तरीसुद्धा परत आल्यावर एकीचं एक घर सुटलंच. कारखान्यातल्या मित्रांनीही आमच्या पाळ्या वाटून घेतल्या. हे सगळं आम्ही तेव्हा गृहीत धरलं. त्यांना धन्यवाद देण्याची बुद्धी झाली नाही, ते आज या विचारपीठावरून देतो.

आत्याचंही नाव यादीत होतं. ती महापालिकेत झाडूखात्यात होती. पहाटे पाचला हजेरी, दुपारी सुटली की घरी जाण्याआधी विहार झाडून, बुद्धमूर्तीपुढची फुलं बदलून जायची. भिशीचा एकही हप्ता तिने चुकवला नव्हता. पण डिसेंबरात तिने नाव मागे घेतलं. जून १९९६ ला ती निवृत्त होणार होती. रजा शिल्लक ठेवली तर शेवटी रजेचे पैसे मिळतील आणि त्यातून मुलाच्या खोलीची डागडुजी होईल, असा तिचा विचार. ती म्हणाली, "आता तुम्ही जा. मी रिटायर झाले की निवांत जाईन." आणि आम्ही काय म्हणालो? "बरोबर आहे आत्या. कुशीनगर कुठं पळून जातंय?" हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या तोंडचं आहे. कोणी एकाने म्हटलं असं नाही.

शिवाय तिने आमच्या आठ मुलांना पंधरा दिवस आपल्या खोलीत जेवू घातलं. सकाळची पाळी करून यायची, स्वयंपाक करायची, मुलांचा अभ्यास घ्यायला शेजारच्या कॉलेजातल्या पोराला बसवायची. ती नसती तर आमच्यातल्या चार जोडप्यांना जाताच आलं नसतं.

फेब्रुवारी १९९५ मध्ये एका बुधवारी रात्री आम्ही तेव्हाच्या व्हीटीवरून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, महानगरी एक्सप्रेसने निघालो. कल्याण, भुसावळ, इटारसी, जबलपूर, अलाहाबाद असं करत शुक्रवारी पहाटे वाराणसीला उतरलो. गाडीत एक गंमत झाली. गुरुवारी सकाळी आमच्या बायका खिडकीशी बसल्या आणि तासभर कोणी काही बोललंच नाही. आम्हाला वाटलं, तब्येत बिघडली की काय! एकीला विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो. इतका वेळ नुसतं बसायची सवय नाही."

त्याच दिवशी दुपारी सारनाथला गेलो. धामेक स्तूपाला प्रदक्षिणा घातली. १९३१ साली खुल्या झालेल्या मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकार कोसेत्सू नोसू यांनी भिंतींवर काढलेली भगवंतांच्या जीवनाची चित्रं पाहिली. मग अशोकाचे सिंह पाहायला संग्रहालयाकडे गेलो, तर दाराला कुलूप. शुक्रवारी ते बंद असतं, हे आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. चूक आमचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गयेची गाडी. आमच्यातले सर्वांत वयस्कर बाबा फाटकापाशी उभे राहिले. त्यांनी बंडीच्या खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं, सिंहाची बाजू वर करून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "हे घ्या. रोज खिशात होतेच की, आम्हीच कधी निरखून पाहिले नाहीत." २६ जानेवारी १९५० पासून हे सिंह भारताची राजमुद्रा आहेत. आयुष्यभर पगार मोजला, पण त्यावर बुद्धाच्या पहिल्या धम्मोपदेशाच्या जागेची खूण आहे, हे त्या बंद दारापुढे उभं राहिल्यावर आमच्या मनात भरलं.

गयेला उतरून बुद्धगयेला गेलो. महाबोधी विहारामागे बोधिवृक्ष आहे. आज उभा असलेला वृक्ष मूळ वृक्षाच्या वंशातला, एकोणिसाव्या शतकात लावलेला. खाली देशोदेशीचे लोक ध्यानाला बसलेले असतात आणि वाऱ्याने एखादं पान गळलं की ते उचलायला धावतात. आमच्यातल्या एका बाईच्या पदरात एक पान आपोआप येऊन पडलं. तिथल्या भन्तेजींनी आम्हाला सांगितलं की, संबोधी मिळाल्यावर भगवंत लगेच उपदेशाला निघाले नाहीत. सात आठवडे ते त्याच परिसरात राहिले. त्यातला एक आठवडा त्यांनी बोधिवृक्षाकडे एकटक, पापणी न लववता पाहण्यात घालवला, असं परंपरा सांगते. ज्याच्या सावलीत बसायला मिळालं त्याचे उपकार मानायला एक अख्खा आठवडा. आम्ही मात्र पाच वाजता बस आहे म्हणून घड्याळाकडे बघत होतो.

तिथून भाड्याच्या मिनीबसने राजगीर आणि नालंदा करून, पाटण्याला गंगेवरचा लांबलचक पूल ओलांडून वैशालीला गेलो. वैशालीबद्दल आम्हाला फारशी माहिती नव्हती. वाटेत आहे म्हणून थांबलो. पण आज नऊ जणांना विचारलं तर सर्वांत जास्त आठवतं ते वैशालीच. तिथे अशोकाचा एक स्तंभ उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर एकच सिंह, उत्तरेकडे तोंड करून बसलेला. सारनाथला हुकलेला सिंह आम्हाला इथे उघड्या आभाळाखाली भेटला. बाबांनी पुन्हा ते नाणं काढलं आणि म्हणाले, "खिशात चार, आणि हा एकटा."

याच वैशालीतून भगवंत शेवटच्या प्रवासाला निघाले. वय ऐंशी. पंचेचाळीस वर्षं पायी चालून लोकांना धम्म सांगितलेला. पावसाळ्याचे तीन महिने तेवढे एका ठिकाणी वर्षावास, बाकी चालणं. त्या वर्षीच्या वर्षावासात मोठं आजारपण येऊन गेलं होतं. आपलं शरीर आता दोऱ्या बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाड्यासारखं झालं आहे, असं ते आनंदाला म्हणाले. आणि तरीही त्या दिवसांत ते आनंदाजवळ वैशालीची आणि तिथल्या चैत्यांची आठवण काढत, ही जागा किती रमणीय, ती जागा किती रमणीय, असं सांगत होते. वैशाली सोडताना ते थांबले. हत्ती जसा नुसती मान न वळवता सगळं अंग वळवून मागे पाहतो, तसं वळून त्यांनी वैशालीकडे पाहिलं. हे आपलं शेवटचं पाहणं आहे, असं आनंदाला सांगितलं आणि पुढे निघाले.

आम्हाला वाटायचं, अनित्य म्हणजे मागचं सगळं सोडून द्यायचं, आठवण काढायची नाही. वैशालीला समजलं की तसं नाही. तथागतांनीही मागे वळून पाहिलं. पूर्ण वळून पाहिलं, चांगलं होतं असं म्हणाले, पण तिथे अडकून राहिले नाहीत. जे कायम राहणार नाही त्याच्याकडे नीट पाहून घ्यायचं असतं.

कुशीनगरला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. महापरिनिर्वाण विहारात वीस फूट लांबीची भगवंतांची पहुडलेली मूर्ती आहे. उजव्या कुशीवर, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. १८७६ साली उत्खननात ती सापडली. आताचं विहार महापरिनिर्वाणाच्या पंचवीसशेव्या वर्षानिमित्त भारत सरकारने १९५६ साली बांधलं. म्हणजे आपल्या दीक्षेचं आणि त्या विहाराचं साल एकच. आम्ही आत गेलो आणि कोणाला काही सुचेना. शेवटी एक जण हळूच म्हणाला, "आपल्या घरचं मोठं माणूस झोपलंय असं वाटतं." मग सगळे पायाशी बसलो.

तिथे आम्ही सुभद्दाची गोष्ट एकमेकांना सांगितली. भगवंतांचे शेवटचे तास. सालवृक्षांच्या मध्ये ते पहुडलेले. सुभद्द नावाचा एक परिव्राजक शंका विचारायला आला. आनंदाने त्याला तीनदा अडवलं. भगवंत थकलेले आहेत, त्यांना त्रास देऊ नको, असं सांगितलं. आनंदाचंही बरोबरच होतं. पण भगवंतांनी ते ऐकलं आणि म्हणाले, येऊ दे त्याला. त्याच्या शंकेचं निरसन केलं. तोच त्यांच्या हयातीतला शेवटचा शिष्य. ज्याच्याजवळ काही तासच उरले होते, त्याने त्यातला वेळ एका अनोळखी माणसाला दिला.

बाबासाहेबांचंही तसंच. नागपूरच्या दीक्षेनंतर महापरिनिर्वाणापर्यंत त्यांना त्रेपन्न दिवस मिळाले. शरीर साथ देत नव्हतं, चालायला आधार लागायचा. त्या दिवसांत ते नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतीच्या वाटेवर सारनाथ आणि कुशीनगर पाहून दिल्लीला आले. ६ डिसेंबरला आपल्याला सोडून गेले. बरं वाटल्यावर जाऊ, असं ते म्हणाले असते तर त्यांना कोणी दोष दिला असता का?

पुढे लुंबिनी पाहून आम्ही गोरखपूरहून मुंबईची गाडी धरली. वस्तीत आलो तेव्हा आत्या विहाराच्या पायरीवर बसली होती. ते बोधिवृक्षाचं पान आम्ही तिच्या हातात ठेवलं. तिने ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि म्हणाली, "आता मला सगळं सांगा. काही गाळू नका."

त्या वर्षी वर्षावासात रोज संध्याकाळी वंदनेनंतर यात्रेचा वृत्तान्त सांगायचा, आळीपाळीने एकेकाने बोलायचं, असं ठरलं. आत्याचे प्रश्न वेगळेच असायचे. कुशीनगरची फरशी पायाला गार लागते का? वैशालीला बाया शेतात काय लावतात? बोधिवृक्षाखाली झाडलोट कोण करतं? आम्ही तारखा आणि उंच्या-लांब्या सांगायचो आणि ती विचारायची, झाडलोट कोण करतं! आमच्याजवळ उत्तर नसायचं. पाहिलंच नव्हतं.

सुरुवातीचा महिना चांगला गेला. मग कोणाची पाळी बदलली, कोणाच्या घरी टीव्हीवर मॅच, कोणाला कंटाळा. तीन संध्याकाळी अशा गेल्या की ज्याची सांगायची पाळी तोही आला नाही आणि ऐकणाराही कोणी नाही. त्या तिन्ही संध्याकाळी आत्या मेणबत्ती लावून एकटी बसून होती. हे आम्हाला नंतर समोरच्या दुकानदाराकडून कळलं. ती स्वतः एका शब्दानं बोलली नाही.

जानेवारी १९९६ मध्ये तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि आत्या गेली. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. कुशीनगर होतं तिथेच होतं. कुठेही पळून गेलं नव्हतं.

तिचे भिशीचे अठराशे रुपये आम्ही तिच्या मुलीला द्यायला गेलो. तिने घेतले नाहीत. "आईची जागा आहे, जागाच राहू द्या," असं म्हणाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये दुसरी यात्रा गेली तेव्हा आम्ही त्या पैशांत तिला पाठवलं. परत आल्यावर तिने आम्हाला सांगितलं की, कुशीनगरची फरशी सकाळी फार गार असते आणि बोधिवृक्षाखाली पहाटे दोन बाया झाडत होत्या. आईने विचारलेलं ती विसरली नव्हती.

बंधू-भगिनींनो, ही आठवण सांगून तुम्हाला रडवायचं नाही. आम्हाला आज एक मागणी करायची आहे, म्हणून हे सगळं सांगितलं.

आता प्रवास सोपा झाला आहे. २०२१ साली कुशीनगरला आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं. तिकीट मोबाईलवर निघतं. पैशांची अडचणही पूर्वीइतकी नाही. पण आमच्या हातात जी भरपगारी रजा होती, ती आपल्याच वस्तीतल्या कितीतरी मुलांच्या हातात नाही. कोणी कंत्राटावर आहे, कोणी पाठीवर पेटी घेऊन घरोघर जेवण पोचवतो, कोणी सुरक्षारक्षक आहे आणि बारा-बारा तास उभा आहे. एक दिवस घरी बसला की त्या दिवसाचे पैसे नाहीत. मोबाईल वाजला की निघायचं. आम्हाला ते पाहून आमचा आजा आठवतो. त्याच्या पायात वहाण नव्हती आणि याच्याकडे मोटारसायकल आहे, एवढा फरक आहेच. पण हाक आली की निघायचं, हे तसंच आहे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला वेळ आपल्या डोळ्यांदेखत हातातून चालला आहे. त्यासाठी संघटना करावी लागेल, लढावं लागेल. ते काम तरुणांनी करावं, आम्ही म्हातारे मागे उभे आहोत.

तोपर्यंत विहाराच्या हातात जे आहे ते विहाराने करावं. वर्धापनदिनाच्या निधीतून सभागृहाला संगमरवर बसवावा, असा एक ठराव समितीपुढे आहे. आमचा त्याला विरोध नाही, पण आमची विनंती आहे की संगमरवर एक वर्ष थांबावा. त्या निधीतून पुढच्या धम्मयात्रेला जाणाऱ्या रोजंदारीवरच्या आणि घरकाम करणाऱ्या माणसांचा बुडालेला रोज भरून द्यावा. तिकिटाचे पैसे त्यांनी भिशीने जमवावेत, जसे आम्ही जमवले. रोज मात्र विहाराने द्यावा. आणि प्रत्येक यात्रेत एक जागा अशा माणसासाठी राखून ठेवावी, की जो दुसऱ्यांची सोय करता करता स्वतः मागे राहिला आहे. असा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. तो आपण होऊन नाव देणार नाही. आपण त्याच्या घरी जाऊन त्याचं नाव लिहून आणायचं.

ज्यांना निधी देता येणार नाही त्यांनी वेळ द्यावा. जाणाऱ्यांची मुलं सांभाळावीत, त्यांच्या म्हाताऱ्यांना औषध द्यावं, त्यांची धुण्याभांड्यांची घरं पंधरा दिवस करावीत. पंचशीलाबरोबर दान आपण रोज म्हणतो. वेळेचं दान गरिबालाही करता येतं. आत्याने ते केलं आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही.

आम्ही नऊ जण आता पुन्हा एवढ्या लांब जाऊ असं वाटत नाही. गुडघे साथ देत नाहीत. पण येत्या आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात रोज संध्याकाळी, वंदनेनंतर, आम्ही इथे बसणार आहोत आणि जे पाहिलं ते सांगणार आहोत. तीन संध्याकाळींचं आमच्यावर देणं आहे. या वेळी पाळी कोणाची चुकणार नाही. ऐकायला एक मूल आलं तरी चालेल. त्याने काहीही विचारावं, फरशी गार लागते का, हेसुद्धा.



नमो बुद्धाय! जय भीम!